लोड घेऊ नको, मीम टाक!

पेपर फुटला, मीम. परीक्षा पुढे गेली, मीम. नोकरी गेली, तरी मीम. आपली पिढी कुठलंही टेन्शन हसण्यावारी नेऊ शकते आणि ही ताकद छोटी नाही. फक्त आपण जो जोक करतोय तो नेमका कुणावर आहे, हे अधूनमधून तपासायला हवं.

परीक्षा पुढे ढकलल्याचं परिपत्रक वेबसाइटवर येतं. पाच मिनिटांत ते टेलिग्रामच्या ग्रुपवर पोहोचतं आणि दहाव्या मिनिटाला त्यावरचं पहिलं मीम पडतं. परिपत्रक शेवटपर्यंत वाचणारे थोडे, मीम बघणारे सगळे. रात्रीपर्यंत त्या एका तारखेवर इतके जोक झालेले असतात की, मूळ बातमी काय होती हेच मागे पडतं. मग कुणीतरी लिहितं, ‘लोड घेऊ नको भावा’, खाली वीसेक हसरे इमोजी येतात आणि विषय कट.

जून २०२४ चा महिना आठवून बघा. ४ जूनला सगळा देश लोकसभेच्या निकालाकडे बघत असताना नीटचा निकाल लागला आणि एकदम ६७ जणांना ७२० पैकी ७२० मार्क! १,५६३ जणांना वेळ वाया गेल्याबद्दल दिलेले वाढीव मार्क नंतर काढून घेतले गेले आणि २३ जूनला त्यांच्यासाठी फेरपरीक्षा ठेवली गेली. मधेच १८ जूनला यूजीसी-नेट झाली. नऊ लाखांहून जास्त जणांनी पेपर दिला आणि दुसऱ्याच दिवशी परीक्षा रद्द. २३ जूनला नीट-पीजी होती, ती २२ तारखेच्या रात्री पुढे ढकलली. तोवर कित्येक डॉक्टर मंडळी दुसऱ्या शहरात जाऊन लॉजवर मुक्काम ठोकून बसली होती.

त्या तीन आठवड्यांत सोशल मीडियावर काय चाललं होतं? एनटीए या तीन अक्षरांचे नवनवे अर्थ लावायची स्पर्धा. ‘पेपर सोपा होता का?’ या प्रश्नाला ‘कितीला घेतला होतास?’ असं उत्तर. आपण सगळे हसलो. न हसून करणार काय?

प्रश्न हसण्याचा नाहीच. हसून झाल्यावर पुढे काय होतं, हा प्रश्न आहे.

हसणं हे औषध आहेच

आधी हसण्याच्या बाजूने बोलू. कारण ‘आजकालच्या मुलांना कशाचंच गांभीर्य नाही’ हे वाक्य आपण घरी, नात्यातल्या लग्नात आणि बसस्टॉपवर पुरेसं ऐकलेलं आहे. विनोद करणारा माणूस गंभीर नसतो, हा समजच मुळात चुकीचा आहे. बऱ्याचदा तो इतका गंभीर झालेला असतो की हसला नाही तर कोसळेल.

व्हिएन्नाचे मनोविकारतज्ज्ञ व्हिक्टर फ्रँकल नाझींच्या छळछावण्यांत होते. तिथे बांधकामावर सोबत राबणाऱ्या एका सहकाऱ्याबरोबर त्यांनी एक करार केला होता. सुटका झाल्यावर आपलं काय होईल, यावर रोज निदान एक मजेशीर गोष्ट रचायची. छावणीत सूप वाढताना पळी तळापर्यंत गेली तरच थोडेफार वाटाणे हाती लागायचे. म्हणून उद्या सुटून कुणाकडे जेवायला गेलो तर तिथेही यजमानीणबाईंना ‘जरा तळातून वाढा’ असं सांगून बसू, अशा त्या गोष्टी. अशा जागीही माणूस हसू शकतो. आणि लक्षात घ्या, त्या विनोदात ‘आपण इथून सुटणार आहोत’ हे गृहीत धरलेलं आहे.

गंभीर गोष्टीचं हसू का येतं, यावर अमेरिकेतल्या पीटर मॅकग्रॉ आणि केलेब वॉरन यांनी २०१० मध्ये एक सोपी मांडणी केली. काहीतरी बिनसलेलं असतं, पण त्याच वेळी ते फारसं धोक्याचं वाटत नाही, तिथे हसू फुटतं. केळीच्या सालावरून घसरलेला माणूस उठून कपडे झटकतो तेव्हा आपण हसतो. तो उठलाच नाही तर हसू घशातच अडकतं.

म्हणजे जोक करताना आपण स्वतःला सांगत असतो की, हे वाईट आहे, पण यातून मरत नाही आपण. पुण्यातल्या सदाशिव पेठेत किंवा नवी पेठेत अभ्यासिकेच्या एका खुर्चीवर रोज बारा-बारा तास बसणाऱ्या माणसाला हे दिवसातून दोनदा तरी स्वतःला सांगावं लागतं. मेसच्या पातळ वरणावर जोक, रूमवरच्या ढेकणांवर जोक, गावाकडून येणाऱ्या ‘मग, कधी होणार साहेब?’ या फोनवर जोक. चहाच्या टपरीवरची ही दहा मिनिटं नसती तर उरलेले बारा तास निभले नसते.

तेव्हा मीम टाकणाऱ्याला कुणी उथळ म्हणत असेल तर त्याला एक महिना अभ्यासिकेत बसवा.

चार तऱ्हेचं हसू

पण सगळं हसू एकाच जातीचं नसतं. कॅनडातल्या वेस्टर्न ओंटारिओ विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ रॉड मार्टिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये विनोदाच्या चार शैली मांडल्या. त्या आपल्या कट्ट्यावर आणून बसवू.

पहिली शैली, सगळ्यांना जोडणारी. परीक्षा पुढे गेली, ग्रुपवर कुणी लिहिलं, ‘चला, मेसचं अजून तीन महिन्यांचं कूपन काढा.’ सगळे एकाच बोटीत असल्याची ही आठवण असते. त्यात कुणी दुखावत नाही.

दुसरी, स्वतःला सावरणारी. एकटं असतानाही परिस्थितीतली गंमत दिसणं. ‘इतिहास इतक्यांदा वाचलाय की आता पेशवेही मला ओळखतात.’ ही शैली ज्याच्याकडे असते तो तुलनेने बरा असतो, असं पुढच्या बऱ्याच अभ्यासांत दिसलं.

तिसरी, दुसऱ्याला टोचणारी. मित्राचा पाचवा अटेम्प्ट हुकला आणि आपण ग्रुपवर त्याची टिंगल केली. हसतात सगळे, तोही हसतो, पण त्या रात्री तो ग्रुप म्यूट करतो.

चौथी शैली स्वतःलाच खाणारी. दुसऱ्यांनी हसावं म्हणून स्वतःला खाली पाडायचं. ‘आपल्याच्यानं काय होणार, आपण फॉर्म भरून सरकारची तिजोरी भरायला जन्मलोय.’ ‘भावी अधिकारी नाही, कायम भावीच.’ अशा जोकना सर्वांत जास्त दाद मिळते. आणि मार्टिन यांच्या संशोधनात नैराश्य आणि चिंतेशी ज्या शैलीचा संबंध दिसला ती हीच.

संबंध दिसला म्हणजे जोकमुळेच नैराश्य येतं, असं नाही. उलटही असेल, आतून खचलेला माणूस अशा जोककडे वळत असेल. पण दोन्हीपैकी काहीही खरं असलं तरी आपल्यासाठी अर्थ एकच निघतो. जो मित्र ग्रुपवर सर्वांत जास्त हसवतो आणि दर वेळी स्वतःवरच हसवतो, त्याच्याकडे जरा नीट बघा.

गणित हुकतंय, आपण नाही

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. स्वतःवरच्या जोकमध्ये एक हिशेब लपलेला असतो आणि तो हिशेब बहुतेक वेळा चुकीचा असतो.

फेब्रुवारी २०२४ मध्ये उत्तर प्रदेश पोलीस शिपाई भरतीची परीक्षा झाली. जागा ६०,२४४, अर्ज ४८ लाखांच्या वर. भागाकार करा. एका जागेमागे साधारण ८० जण. या ८० जणांनी वर्षभर रोज सोळा तास अभ्यास केला असता, सगळे सारखेच हुशार असते, तरी ७९ घरी जाणारच होते. नीटचं गणितही असंच. २०२४ मध्ये २३ लाखांहून जास्त मुलांनी परीक्षा दिली आणि देशभरातल्या एमबीबीएसच्या जागा एक लाखाच्या थोड्या वर. म्हणजे वीसेक मुलांमागे एक जागा, त्यातही खासगी कॉलेजची फी परवडणारी घरं किती, ते वेगळंच.

आता जोक ऐका. ‘मी ढ आहे.’ ‘आमच्या डोक्यात बटाटे भरलेत.’ ७९ जणांपैकी प्रत्येक जण वेगवेगळ्या खोलीत बसून हाच जोक स्वतःवर करतो. जागा कमी आहेत, हे वाक्य त्या जोकमध्ये कुठेच येत नाही. भरती किती वर्षांनी निघाली, पेपर कुणी फोडला, तारीख कुणामुळे बदलली, हेही येत नाही. ८० जणांचा सामाईक प्रश्न ७९ जणांची खासगी लाज होऊन जातो. हसत हसत आपण दुसऱ्याचं बिल स्वतःच्या नावावर फाडतो.

त्याच उत्तर प्रदेशच्या परीक्षेतला किस्सा बघा. कुणीतरी अभिनेत्री सनी लिओनीच्या नावाने आणि फोटोने फॉर्म भरला, त्याचं हॉलतिकीट निघालं आणि ते देशभर व्हायरल झालं. किती हसलो आपण! पण ४८ लाख अर्जांच्या परीक्षेत असं हॉलतिकीट निघतंच कसं, अर्ज तपासतं कोण, हा प्रश्न त्या हसण्यात विरून गेला. पुढच्याच आठवड्यात, २४ फेब्रुवारीला, पेपरफुटीमुळे ती परीक्षा रद्द झाली. फेरपरीक्षा थेट ऑगस्टच्या शेवटी. हॉलतिकीट लक्षात राहिलं, ते सहा महिने कुणाच्या लक्षात आहेत?

वयाची अट मात्र जोक ऐकत नाही. आपल्याकडे राज्यसेवेसाठी खुल्या वर्गाला ३८ आणि मागासवर्गीयांना ४३ वर्षं ही मर्यादा. तारीख पुढे जाते तेव्हा कॅलेंडरही पुढे जातं. २०२० ची राज्यसेवा पूर्वपरीक्षा आठवते? मूळची तारीख ५ एप्रिल २०२०. कोविड आला, मग आरक्षणाचा प्रश्न आला, ढकलत ढकलत ती १४ मार्च २०२१ वर पोहोचली. तीन दिवस आधी, ११ मार्चला, तीही पुढे गेल्याचं जाहीर झालं. जवळजवळ एक वर्ष! ज्याचं घर बापाच्या दोन एकरांवर चालतं, त्याच्यासाठी त्या वर्षाची किंमत रूमभाडं, मेस आणि अभ्यासिकेची फी मिळून किती झाली असेल? तारखांवरचे जोक आपल्याला पाठ आहेत, हा आकडा कुणी मोजून ठेवला नाही.

जोकला पत्ता हवा

मग काय, हसायचंच नाही? हसायचं की. फक्त जोकवर पत्ता लिहायचा.

११ मार्च २०२१ च्या त्या संध्याकाळी पुण्यात शास्त्री रस्त्यावर मुलं उतरली. राज्यात इतरही शहरांत उतरली. परीक्षा पुन्हा अनिश्चित काळासाठी लटकली नाही, २१ मार्चला झाली. ऑगस्ट २०२४ मध्ये परत तेच ठिकाण. राज्यसेवेची पूर्वपरीक्षा आणि आयबीपीएसची बँकेची परीक्षा, दोन्ही २५ ऑगस्टला. शिवाय कृषी खात्याच्या २५८ जागा त्याच परीक्षेत घ्याव्यात, ही मागणी. मुलं रस्त्यावर रात्रभर बसली, आयोगाने परीक्षा पुढे ढकलली आणि ती १ डिसेंबरला झाली. इथे फोनवरचा विनोद आणि रस्त्यावरची मागणी यांचं भांडण नव्हतं. फरक इतकाच की रस्त्यावरच्या प्रत्येकाला माहीत होतं, आपण कुणाला विचारतोय आणि काय मागतोय.

पत्ता लिहिलेल्या जोकचं मुंबईतलं उदाहरण २०१७ चं. रेडिओ जॉकी मलिष्काने तेव्हा गाजत असलेल्या ‘सोनू’ गाण्याचं विडंबन करून मुंबईच्या खड्ड्यांवर आणि महापालिकेवर बोट ठेवलं. ते गाणं कुणाच्या नशिबावर नव्हतं, थेट पालिकेवर होतं. त्यामुळे झोंबलंही थेट. शिवसेनेच्या नगरसेवकांनी तिच्यावर ५०० कोटींचा अब्रूनुकसानीचा दावा लावायची मागणी केली आणि पालिकेने तिच्या घरी डेंग्यूच्या डासांच्या अळ्या सापडल्याची नोटीस पाठवली. ‘मुंबईत राहायचं म्हणजे मणके मजबूत पाहिजेत’ असा जोक तिने केला असता तर पालिकाही आपल्यासोबत हसली असती.

पुढच्याच वर्षी, जानेवारी २०१८ मध्ये, पंतप्रधानांनी एका मुलाखतीत भजी विकून दिवसाला २०० रुपये कमावणाऱ्याला रोजगार मिळाला असं म्हणणार की नाही, असा सवाल केला. त्यावर ठिकठिकाणी तरुणांनी खरोखर भज्यांच्या गाड्या लावल्या, बंगळुरूत तर पदवीदानाचे झगे घालून. भजी विकणं हलकं काम आहे, असा त्याचा अर्थ घेतला तर तो त्या गाडीवाल्याचा अपमान होईल. पण झगा आणि कढई एकत्र आणून विचारलेला प्रश्न स्पष्ट होता की, आम्ही शिकलो ते कशासाठी?

असा जोक सत्तेला किती लागू शकतो, हे चीनमध्ये २०२३ साली दिसलं. तिथले बेकार पदवीधर स्वतःला कोंग यीजी म्हणू लागले. लू शून यांच्या १९१९ मधल्या कथेतलं हे पात्र. शिकलेला, कफल्लक, पण विद्वानाचा लांब झगा अंगावरून उतरवायला तयार नसलेला माणूस. ‘डिग्री हा तो झगा आहे, धड घालता येत नाही, टाकता येत नाही’ असा या विनोदाचा सूर. वरवर बघता हाही स्वतःवरचाच जोक. पण लाखो जण एकच जोक करायला लागले तेव्हा त्याचं सर्वेक्षण झालं. मार्चमध्ये सरकारी वाहिनीने तरुणांना, झगा उतरवा आणि कामाला लागा, असा उपदेश केला. त्यावर मुलं आणखी चिडली. जूनमध्ये शहरी तरुणांची बेकारी २१.३ टक्क्यांवर गेली आणि पदवीच्या फोटोंत मुलं झग्यासकट जमिनीवर मुडद्यासारखी पालथी पडलेली दिसू लागली. ऑगस्टमध्ये सरकारने तो बेकारीचा आकडा जाहीर करणंच काही काळ थांबवलं.

म्हणजे स्वतःवरचा जोकही निकामी नसतो. तो एकट्याचा राहिला तर लाज बनतो, सगळ्यांनी मिळून केला आणि कारणाकडे बोट दाखवलं तर पुरावा बनतो.

आपल्याकडचा आकडा चीनइतका मोठा दिसत नाही. २०२३-२४ च्या श्रमबल सर्वेक्षणात १५ ते २९ वयोगटातला बेरोजगारीचा दर १०.२ टक्के होता. पण अभ्यासिकेत बसलेल्या कितीतरी जणांना विचारलं तर ते स्वतःला बेरोजगार म्हणणारच नाहीत. ते ‘तयारी करतायत’. या एका शब्दात केवढी मोठी चिंता हसण्यावारी नेलेली असते!

दुसऱ्याचं टेन्शन आणि आपला जोक

‘लोड घेऊ नको’ हे वाक्य स्वतःला म्हणणं वेगळं आणि दुसऱ्याला म्हणणं वेगळं. स्वतःला म्हणतो तेव्हा तो धीर असतो. दुसऱ्याला म्हणतो तेव्हा बऱ्याचदा त्याचा अर्थ ‘तुझा लोड मला नको’ असा असतो.

ज्याचा बॅकअप घरचं दुकान आहे आणि ज्याचा बॅकअप काहीच नाही, असे दोघं एकाच बेंचवर बसतात. निकालाचा जोक दोघांना सारखाच ऐकू येतो, पण परवडतो एकालाच. मुलींच्या बाबतीत तर हिशेब आणखी कडक. मुलाचा अटेम्प्ट हुकला की घरचे म्हणतात, ‘पुढच्या वेळी बघू.’ मुलीचा हुकला की स्थळं येऊ लागतात. ‘आता लग्नच कर’ हा मैत्रिणींमध्ये चालणारा जोक तिच्या घरी त्या आठवड्यात ठरत असलेला कार्यक्रम असू शकतो.

वेळेचाही प्रश्न आहे. २०१२ मध्ये अमेरिकेत सँडी वादळ आलं. त्यावरचे तेच ते विनोदी ट्वीट वेगवेगळ्या दिवशी लोकांना दाखवून मॅकग्रॉ आणि सहकाऱ्यांनी विचारलं की, हे किती मजेशीर वाटतात? वादळ येण्यापूर्वी लोक हसत होते. नुकसान समोर आल्यावर हसू आटत गेलं, पंधराव्या दिवसाच्या सुमारास सर्वांत कमी झालं. मग हळूहळू वाढत छत्तिसाव्या दिवसाच्या आसपास सर्वांत जास्त झालं. पुढे पुन्हा ओसरलं, कारण विषयच जुना झाला.

निकालाच्या दिवशी मित्राला टाकलेला जोक आणि महिन्याभराने टाकलेला जोक एकच नसतो, तो यामुळेच. तो स्वतः हसायला लागेपर्यंत थांबायला काय जातं? पहिले काही दिवस चहा पाजा. जोक कुठे पळून जात नाही.

‘मेलो यार’ कधी खरं असतं?

आणि आता सर्वांत अवघड गोष्ट. आपल्या बोलण्यात मरण फार स्वस्त झालंय. ‘मेलो’, ‘संपलो’, ‘आता गॅलरीच बघतो’. दहापैकी नऊ वेळा तो नुसता जोक असतो. दहाव्या वेळी आपल्याला कसं कळणार?

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांनुसार २०२२ या एका वर्षात देशात १३ हजारांहून जास्त विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. राज्यांमध्ये सर्वाधिक नोंद महाराष्ट्रात, १,७६४. यातल्या प्रत्येकामागे परीक्षाच होती असं नाही, एवढ्या मोठ्या गोष्टीला एकच कारण कधी नसतं. पण यातल्या कित्येकांचा एखादा ग्रुप असणार, त्यात मीम येत असणार आणि ते हसतही असणार.

सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये शाळा, कॉलेज आणि कोचिंग क्लासेसना विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. समुपदेशक नेमा, मार्कांवरून मुलांच्या वेगळ्या बॅच पाडू नका, चारचौघांत अपमान करू नका, असं त्यात आहे. अंमलबजावणी कशी होते ते बघायचं. पण पुण्यातल्या किंवा लातूरमधल्या कॉट बेसिसवरच्या खोलीत रात्री एक वाजता समुपदेशक नसतो. तिथे रूममेट असतो.

रूममेटला मानसशास्त्र यायला हवं असं नाही. एवढंच बघायचं की, जोक बदललाय का? आधी परीक्षेवर हसणारा आता फक्त स्वतःवर हसतोय का? जोकमधून ‘पुढच्या वेळी’ हा शब्द गायब झालाय का? जेवण, झोप, घरी फोन, यातलं काही सुटलंय का? फ्रँकल यांच्या त्या छावणीतल्या विनोदात उद्या होता. ज्या विनोदात उद्याच नाही, तिथे थांबून विचारायचं.

विचारायचं म्हणजे सरळ. ग्रुपवर नको, एकट्याला गाठून. ‘परवा बोललास ते मस्करीत होतं की खरंच तसं वाटतंय?’ असा प्रश्न विचारल्याने कुणाच्या डोक्यात नको ते येत नाही. उलट कुणीतरी ऐकलं, याचंच ओझं हलकं होतं. तो ‘चल रे, मस्करी होती’ म्हणाला तरी तुमचं काही बिघडलेलं नसतं. आणि तो गप्प झाला, तर त्याला त्या रात्री एकटं सोडायचं नाही. सरकारची टेलि-मानस ही मोफत हेल्पलाइन आहे, नंबर १४४१६. चोवीस तास, मराठीतही बोलता येतं. फोन त्याने करायला हवा असं नाही, त्याच्या शेजारी बसून तुम्हीही लावू शकता.

पाठवण्याआधी

मीम बंद करा, असं सांगणाऱ्या काकांच्या रांगेत हा लेख बसवू नका. परीक्षा पुढे जातील, निकाल रखडतील, पेपर फुटल्याच्या बातम्या येतील आणि आपण त्यावर हसू. हसायलाच हवं. फक्त सेंड दाबण्याआधी एक सेकंद बघायचं की, यात चूक कुणाची दिसतेय? आपली दिसत असेल आणि ती आपली नसेल, तर जोक दुरुस्त करा. नाव टाका, तारीख टाका, किती महिने गेले ते टाका. परिपत्रकाच्या खाली सही कुणाची आहे ते वाचा. माहितीच्या अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो, मेसच्या एका चहा-नाश्त्यापेक्षा स्वस्त. जोक झाल्यावर तोही करा.

आणि चूक खरंच आपली असेल, अभ्यास कमी पडला असेल, तर मोकळेपणाने हसा. तो जोक आपल्याच हक्काचा. पुढच्या अटेम्प्टला तो टपरीवर सांगायलाही मजा येईल.